इंजिन वर येईपर्यंत

आमच्या बोटीचे इंजिन ज्या दिवशी काढायचे होते, त्या दिवशी पूर्ण भरती दुपारच्या जेवणाच्या सुमारास यायची होती. मी मात्र सकाळपासूनच धक्क्याच्या कडेला खुर्ची मांडून बसले होते. बसले होते हे म्हणणे तितकेसे खरे नाही. खुर्ची जागच्या जागी होती आणि मी तिच्याभोवती येरझाऱ्या घालीत होते. क्षणभर टेकावे, तोच पाण्याची रेघ धक्क्याच्या आणखी एका दगडावर चढलेली दिसायची आणि मी पुन्हा उठायची.

घाईचे कारण साधे होते. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसे नेण्याचा मान सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या घराकडे आहे. पण इंजिन थकले. गेल्या काही महिन्यांत त्याने भर पाण्यात दगा दिला, आणि प्रवाशांनी भरलेली आमची बोट दुसऱ्यांनी दोराने ओढून आणलेली मला या डोळ्यांनी पाहावी लागली. बंदराच्या साहेबांनी निक्षून सांगितले, की आठवडा संपायच्या आत नवे इंजिन बसवून बोट फेरीला लागली नाही, तर धक्क्यावरची आमची जागा लाँच कंपनीला दिली जाईल. अशी जागा एकदा गेली, की ती परत मागता मागता माणूस कार्यालयाच्या बाकावर म्हातारा होतो. मी आधीच म्हातारी आहे. मला तेवढी सवड नाही.

त्यात धक्क्यावरची क्रेन हाताने फिरवायची, जुन्या काळची. तिचा हात आखूड आणि साखळी त्याहून आखूड. पाणी पुरते चढून बोट धक्क्याच्या बरोबरीला आली, तरच तिचा आकडा इंजिनापर्यंत पोचतो. उधाणाचे ते शेवटचे चांगले पाणी होते. पुढे एक-दोन दिवस कसेबसे पुरले असते, नंतर बोट खाली आणि क्रेन वर, दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या असत्या. जुने इंजिन त्या दुपारी निघाले, तरच नवे वेळेत आत जाणार होते. ते ताडपत्रीखाली, लाकडी खोक्यात, माझ्या खुर्चीमागेच वाट पाहत होते.

एवढेच असते, तर मी खुर्चीवर नीट बसले असते. पण इंजिन काढायला माझे दोन्ही मुलगे लागणार होते, आणि माझे मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत.

थोरला बोट चालवतो. धाकटा इंजिने दुरुस्त करतो. या बंदरात त्याच्या तोडीचा फिटर नाही. पूर्वी दोघे एकाच बोटीवर होते. एक दिवस इंजिन कुरकुरू लागले, धाकटा पाना घेऊन खाली वाकला आणि म्हणाला, "हे आता उघडावं लागेल, आजची फेरी बंद." थोरल्याने भर प्रवाशांसमोर त्याच्या हातातला पाना हिसकावून घेतला आणि म्हणाला, "फेरी बंद करणारा तू कोण?" फेरी गेली, सुखरूप परतही आली. धाकटा मात्र त्या दिवशी बोटीवरून उतरला तो उतरलाच. त्याने बंदरामागच्या गल्लीत आपले वर्कशॉप टाकले आणि वरच्या खोलीत राहू लागला.

रविवारी जेवायला दोघेही माझ्या टेबलावर येतात, कारण तशी माझी आज्ञा आहे. मिठाची बाटली दोघांच्या मध्ये असते आणि मी टेबलाच्या टोकाला.

"आई, मीठ इकडे सरकवायला सांग," धाकटा म्हणतो.

"आई, त्याला सांग, हात आहेत त्याला," थोरला म्हणतो.

मग मी सांगते, "मीठ दे रे," आणि मीठ जाते. या घरात काही अडले नाही ते असे. दोघे जे बोलतात त्यातले कामाचे तेवढे मी पुढे पाठवते. उरलेले माझ्यापाशी ठेवते.

इंजिनाचे काम घेताना धाकट्याने अट घातली. "मी क्रेनपाशी उभा राहून वरून सगळं सांगेन. त्या बोटीवर पाय ठेवणार नाही. ज्यानं उतरवलं त्यानं बोलवावं."

थोरला म्हणाला, "मी कशाला बोलवू? बोट कुठं आहे ते त्याला ठाऊक आहे."

म्हणून ती खुर्ची. खाली बोटीत इंजिनाच्या खड्ड्यात थोरला. त्याला हत्यारे द्यायला माझी सून, म्हणजे थोरल्याची बायको. वर धक्क्यावर धाकटा. क्रेनच्या दांडीला क्रेनवाला, ज्याला त्याच्या मानेमुळे सारे बंदर उंट म्हणते. आणि मध्ये मी.

"आई, तुम्ही टेलिफोनच्या कचेरीत नोकरी धरायला हवी होती," सून खालून म्हणाली. "सगळ्या शहराचे कॉल तुम्हीच जोडले असते."

"निम्मे तोडलेही असते," उंट म्हणाला.

"तू दांडी सांभाळ," मी त्याला म्हटले. तो दांडी सांभाळू लागला.

काम सकाळी बरे चालले होते. आधी बॅटऱ्या वर आल्या. मग थोरल्याने डिझेलची नळी बंद करून तिच्या तोंडाला बूच लावले, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आवळला, इंजिनातले तेल डब्यात उतरवले. प्रत्येक वायर सोडली की सून तिला रंगीत चिंधी बांधायची. धुराचा नळ निघता निघेना. थोरल्याने हातोडा उचललेला धाकट्याने वरून पाहिला.

"आई, त्याला सांग, हातोड्यानं त्याचं डोकं फुटेल, नट सुटणार नाही. गंज आहे. तेल सोडून थांबायला सांग."

"तेल सोड आणि थांब," मी खाली सांगितले.

"त्याला म्हणावं, तेल सोडायला मला आईच्या पोटात असताना शिकवलंय."

"सोडतोय," मी वर सांगितले.

धाकटा माझ्याकडे बघून हसला. "एवढंच म्हणाला?"

"एवढंच."

"मग त्याचे ओठ बराच वेळ कशाला हलत होते?"

मी खाली वाकून पाहिले. पाणी आणखी एक दगड चढले होते.

नट सुटला. नळ निघाला. इंजिनाच्या पायांचे बोल्ट निघाले. उंटाने आकडा खाली सोडला, थोरल्याने तो इंजिनाच्या दोन्ही कड्यांत अडकवलेल्या साखळीत घातला, आणि दांडी फिरली तसे इंजिन आपल्या लाकडी गादीवरून जेमतेम बोटभर उचलले गेले. इतकी वर्षे जे आवाज करीत आले, ते मुकाट्याने लोंबकळू लागलेले पाहून मला कसेसेच झाले. पण ते तिथेच अडले.

काय अडले ते सांगायला हवे. इंजिनामागून एक लोखंडी दांडा बोटीच्या तळातल्या भोकातून बाहेर पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. या दांड्याला शाफ्ट म्हणतात. भोकाभोवती चरबी लावलेली दोरी घट्ट ठासलेली असते, म्हणून दांडा फिरतो पण पाणी आत येत नाही. शाफ्टच्या आतल्या टोकावर एक जाड चकती बसवलेली असते आणि ती इंजिनाच्या चकतीला बोल्टांनी जोडलेली असते. बोल्ट काढले, की दोन चकत्या सुट्या व्हायला हव्यात. आमच्या झाल्या नाहीत. गंजून त्या एकजीव झाल्या होत्या. थोरल्याने पहार घातली, पाचर ठोकली, शिव्या दिल्या. इंजिन हलले, बोट हलली, चकत्या हलल्या नाहीत.

पाणी आता धक्क्याच्या वरच्या कडेपासून वीतभर खाली होते. चढणे जवळजवळ थांबले होते. भरती अशी टेकली, की ती थोडा वेळ श्वास धरून राहते आणि मग उतरू लागते. मी खुर्ची सोडून अगदी कडेला आले.

धाकटा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याने वाकून पाहिले.

"चकत्या एकमेकींना सोडणार नाहीत आता. शाफ्टच चकतीतून मागे ठोकून काढावा लागेल. चकती इंजिनाबरोबर वर येऊ दे, नाहीतरी नव्या इंजिनाला वेगळीच लागणार आहे." मग त्याचा आवाज बदलला. "आणि त्या हिसकावणाऱ्याला सांग, शाफ्टला आधी पट्टा आवळ, दोरानं आत बांध, मगच ठोक. आणि हेही सांग, की त्या दिवशी पाना माझ्या हातात राहिला असता, तर या चकत्या आज अशा गंजल्या नसत्या. असंच सांग. शब्द बदलू नकोस."

एवढे बोलून तो उंटाकडे गेला आणि साखळी चाचपू लागला.

मी खाली पाहिले. थोरला तेलाने माखलेला, घामाने निथळत होता. त्याची नजर माझ्याकडे होती, पण चेहऱ्यावर असे काही होते, की एखादा शब्द जरी वाकडा पडला असता, तरी तो खड्ड्यातून वर येऊन सुकाणूपाशी पाठ फिरवून बसला असता. बसला की बसला; त्याला उठवायला मला संध्याकाळ लागली असती, आणि संध्याकाळी पाणी कुठे असते ते मला माहीत होते. शिवाय तो या बोटीवर लहानाचा मोठा झालेला. शाफ्ट बांधायचा असतो हे त्याला मी सांगायचे?

"शाफ्ट चकतीतून मागे ठोकून काढ, म्हणतोय," मी म्हटले. "जपून."

"आणखी काही?"

"नाही."

त्याने चकतीचा अडकवणारा बोल्ट सोडला, लाकडाचा ठोकळा लावला आणि घणाचा पहिला घाव घातला. त्याला वाटले, वरून फिटर बघतो आहे. बांधायची गरज असती, तर त्याने सांगितले असते. मला वाटले, त्याला ठाऊक असेल. धाकट्याला वाटले, मी सांगितले आहे. तिघेही आपापल्या जागी निर्धास्त होतो.

पहिल्या घावाला काही झाले नाही. दुसऱ्याला शाफ्ट जरासा सरकला. त्याच्या पुढच्या घावाला तो चकतीतून सुटला आणि थांबलाच नाही. बाहेर ओहोटीची पहिली ओढ लागली होती. तिने पंख्याला धरले, आणि चरबीने गुळगुळीत झालेला तो दांडा सापासारखा मागे सरकत बोटीच्या भोकातून निघून चालला.

"अहो, अहो, धरा!" सून ओरडली. धरायला तिथे काही उरले नव्हते. भोकातून पाण्याची जाड धार थोरल्याच्या छातीवर आदळली.

"पाणी!" थोरल्याने भोकावर तळहात दाबला. बोटांमधून पाणी फुटू लागले. "पंप लाव! पंप!"

"कशावर लावू?" सून म्हणाली. "बॅटऱ्या आईंच्या खुर्चीखाली आहेत!"

तिने बादली उचलली आणि उपसायला सुरुवात केली. मी वळून धाकट्याला हाक मारणार, तोच तो कडेला आलेला होता. त्याने एकदाच खाली पाहिले, आणि मधल्या साऱ्या वर्षांत भावाला उद्देशून पहिले शब्द उच्चारले.

"अरे गाढवा, बांधला नाहीस?"

"गाढव कुणाला म्हणतोस?"

"तुला! दुसरं कोण आहे खाली? वहिनींना म्हणेन का? हात काढू नकोस, चिंध्या कोंब, चिंध्या! मी पंखा धरतो!"

आणि तो धक्क्याच्या पायऱ्यांवरून, बूट आणि घड्याळासह, सरळ पाण्यात उतरला. बोटीवर पाय ठेवणार नाही हे त्याचे वचन त्याने पाळले असे कुणाला म्हणायचे असेल, तर म्हणावे. दोन हात मारून तो बोटीच्या मागे गेला, सुकाणूच्या पात्याला पाठ टेकवली, दोन्ही हातांनी पाण्याखालचा पंखा शोधला आणि पुढे रेटू लागला. पाणी त्याच्या हनुवटीला लागत होते; मधूनच ते डोक्यावरून जायचे आणि मला नुसते केस दिसायचे.

आता एक भाऊ फळ्यांच्या आत होता आणि एक बाहेर. एकाला दुसरा दिसत नव्हता. मी कडेवर वाकले.

"थोरल्या, तो म्हणतो—"

"ऐकू येतंय मला!" थोरला आतून गरजला. "अरे, वर धर! टोक खाली जातंय! वर!"

"वरच आहे!"

"नाही, भोकाच्या खाली लागतंय! तुझ्या डाव्या हाताला घे!"

"माझ्या डाव्या की तुझ्या डाव्या?"

"तुझ्या, तुझ्या! थांब! आता रेट! रेट रे, जेवलास का नाही?"

"तुझ्यासाठी उपाशी आहे सकाळपासून!"

मी तोंड उघडले आणि मिटले. मला पाठवायला कुणी काही देत नव्हते. माझे हात मात्र आपोआप हलत होते, कधी उजवीकडे, कधी डावीकडे, जणू मीच पंखा धरला आहे.

तेवढ्यात दुसरे एक संकट माझ्या ध्यानात आले, आणि ते माझ्याखेरीज कुणाच्याच आले नसते, कारण बाकी सगळे पाण्याकडे बघत होते. बोट आत येणाऱ्या पाण्याने जड होऊन खाली बसत चालली होती. इंजिन मात्र क्रेनला टांगलेले, म्हणजे जागच्या जागी. बोट खाली जाते आहे, तसे इंजिन खड्ड्यात वर वर येते आहे असे दिसू लागले, आणि त्याचा कोपरा खड्ड्याच्या तुळईखाली शिरत होता. तिथे ते अडकले असते, तर सारी बोट क्रेनला लटकली असती, आणि ती क्रेन बोट पेलणारी नव्हे.

"उंटा, साखळी सोड! हळू! बोटीबरोबर सोड!"

"माई, ते म्हणाले होते, हलवू नको—"

"आता मी म्हणते आहे!"

त्याने सोडली. इंजिन उतरले, तुळईपासून निसटले आणि पुन्हा आपल्या गादीवर टेकले. सुनेने बादली उचलता उचलता वर पाहून मान हलवली. तेवढी पावती मला पुरे झाली.

"आलं!" थोरला ओरडला. "टोक आलं आत! अजून! अजून रेट!"

"येतंय का?"

"येतंय! पाना! पाईपचा पाना दे!" सुनेने पाना दिला. त्याने शाफ्टच्या टोकाला तो असा चावून धरला, की त्याच्या मानेच्या शिरा मला वरून मोजता आल्या असत्या. "धरलाय! सोडू नकोस अजून!"

"पट्टा आवळ आधी!"

"आवळतोय!"

"दोर कशाला बांधतोस?"

"पुढच्या तुळईला!"

"दोन गाठी मार!"

"दोनच मारतोय, तुला काय, दिसतंय का?"

भोकातली धार बारीक झाली, मग थेंबांवर आली. थोरल्याने भोकाभोवतीची दोरी दाबणारा नट आवळला आणि थेंबही थांबले. सून बादली घेऊन पाण्यातच बसली आणि हसू लागली. हसताना तिला रडू येत असावे, कारण तिने दोन्ही मनगटांनी डोळे पुसले.

धाकटा बोटीच्या बाजूने हात मारत आला. पायऱ्यांकडे जायला त्याला दूर पडले असते, आणि त्याचे दात वाजत होते. थोरल्याने खड्ड्यातून वर येऊन कठड्यावरून हात खाली सोडला. धाकट्याने त्या हाताकडे पाहिले. मला वाटले, आता तो काहीतरी निरोप माझ्याकडे देईल. त्याने हात धरला, वर आला, आणि बोटीवर उभा राहून अंगातले पाणी झाडू लागला.

"बांधायचं का सुचलं नाही तुला?" तो म्हणाला.

"तू सांगितलं नाहीस."

"मी सांगितलं होतं. सांगितलं होतं मी! पट्टा आवळ, दोरानं बांध, मग ठोक. शब्दाला शब्द."

दोघांनी वर पाहिले. सुनेनेही पाहिले. उंटाला क्रेनच्या दांडीत काहीतरी विशेष दिसू लागले होते.

"सांगितलं होतं त्यानं," मी म्हटले. "त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर आणखीही काही सांगितलं होतं. ते द्यायचं नव्हतं, म्हणून मी काहीच दिलं नाही. पाणी उतरायला लागलंय. इंजिन काढा."

थोरला काहीतरी म्हणणार होता. त्याने भावाकडे पाहिले, आणि धाकट्याने नुसती भुवई उडवली. माझ्याबद्दल त्या दोघांत काहीतरी बोलणे झाले, आणि ते माझ्याकडून गेले नाही. मग दोघेही खड्ड्यावर वाकले.

पुढचे सगळे घाईत झाले. बोट उतरत होती, क्रेनची साखळी ताणली जात होती. इंजिन लांब आणि खड्ड्याचे तोंड आखूड. पुढची बाजू आधी वर उचलून, तिरके करून, मागची बाजू खालून काढायची.

"नाक वर घे," थोरला म्हणाला.

"नाक वर घेतलं, तर शेपूट अडकेल. आधी पुढे ओढ."

"आत घालताना नाक खाली होतं."

"तेव्हा तुळई नव्हती! ती नंतर घातली, विसरलास?"

"मी घातली, मला सांगतोस?"

"म्हणून तर सांगतोय, वाकडी घातलीस!"

मी हात वर केला. गेली कित्येक वर्षे धक्क्यावर मी हात वर केला, की क्रेन चालते आणि खाली केला, की थांबते. उंटाने माझ्या हाताकडे पाहिले, मग बोटीत उभ्या असलेल्या धाकट्याच्या हाताकडे पाहिले. धाकट्याचा हात खाली होता, माझा वर. उंट थांबला.

"माई," तो हळूच म्हणाला, "त्यांना आतून दिसतंय."

मी हात खाली घेतला. मला कुणी विचारले असते, तर पदर सारखा करायचा होता असे मी सांगितले असते. कुणी विचारले नाही.

"घे!" धाकटा म्हणाला, आणि उंटाने दांडी फिरवली. "थांब! दादा, मागून रेट!"

"रेटतोय!"

"घे!"

लोखंड लाकडाला घासले. तुळईची एक लांब ढलपी निघाली. इंजिन तिरपे झाले, क्षणभर असे लटकले, की ते परत आत पडते की काय असे वाटून मी डोळे मिटले, आणि मग काहीतरी सुटल्यासारखे होऊन ते एकदम वर आले. तेलाचे थेंब गाळीत, संथपणे गोल फिरत, ते माझ्या डोक्याच्या उंचीला आले. उंटाने क्रेन वळवली. धक्क्यावर मांडलेल्या ओंडक्यांवर ते टेकले, तेव्हा धक्क्याचा दगड माझ्या पायाखाली हलल्याचे मला जाणवले.

इंजिन सुटले त्याच क्षणी बोट हलकी होऊन हातभर वर उचलली गेली होती आणि दोघे भाऊ खड्ड्याच्या काठावर आपटले होते. सून हसली. तेही हसले, एकमेकांकडे न बघता.

बंदराचे साहेब अशा वेळी येतात, जेव्हा कुणाचे कपडे धड नसतात. ते फाईल काखेत धरून आले, ओंडक्यांवरच्या इंजिनाकडे पाहिले, बोटीतल्या पाण्याकडे पाहिले, आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आधी मला नमस्कार केला.

"निघालं म्हणायचं. नवं कधी बसतंय, बाई? मला आज वर कळवायचं आहे. लाँचवाले दारात बसले आहेत. तुम्ही एक दिवस सांगा, तुमच्या शब्दावर मी जागा राखतो."

माझ्या जिभेवर शब्द तयार होता. उद्या. उद्याच्या भरतीला नवे आत, परवा फेरी. मी सकाळपासून मनाशी तेच घोकत होते.

"उद्या," थोरला बोटीतून म्हणाला.

"उद्या नाही," धाकटा म्हणाला. "गादी बदलावी लागेल. नव्या इंजिनाचे पाय जुन्या भोकांवर बसत नाहीत. आणि शाफ्टभोवतीची दोरी आज खराब झाली, ती सगळी काढून नवी ठासायची."

"ती रात्रीत होईल."

"रात्रीत तू करशील? परवा पुन्हा खाडीत अडकायचं आहे?"

"परवाचं पाणी पुरेल का क्रेनला?"

"पुरेल. नवं इंजिन उंच आहे, आकडा वरच राहील. मोजलंय मी."

"कधी मोजलंस?"

"तू तेल सोडत होतास तेव्हा."

साहेबांनी घड्याळ पाहिले. "बाई, मी काय कळवू?"

आता मी एक शब्द उच्चारला असता, तर ते दोघे गप्प झाले असते. तेवढा वचक अजून माझा आहे. उद्या म्हटले असते, तरी त्यांनी रात्रभर राबून उद्या करून दाखवले असते, आणि मग कुणाचे ऐकले, कुणाचे नाही, याचा हिशोब पुन्हा माझ्या टेबलावर येऊन बसला असता.

"त्यांचं ठरू द्या," मी म्हटले. "थांबा जरा."

साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. मी कुणाला थांबा म्हणून सांगितले, आणि तेही दुसऱ्यांचे ठरेपर्यंत, असे त्यांनी कधी ऐकले नव्हते. ते फाईल या काखेतून त्या काखेत घेत उभे राहिले. मी खुर्चीपर्यंत गेले, बसले नाही, परत कडेला आले. खाली ते दोघे एकच टेप दोन टोकांना धरून गादी मोजत होते आणि एकमेकांचे आकडे नाकारत होते. आवाज चढत होता. एकदा थोरल्याने टेप सोडून दिला आणि मला वाटले, झाले, संपले सगळे. पण तो फक्त पेन्सिल घ्यायला वळला होता.

"परवा," शेवटी थोरला म्हणाला. तो साहेबांकडे पाहून म्हणाला, मग भावाकडे. "परवाच्या भरतीला आत. त्याच्या दुसऱ्या दिवशी फेरी."

"पहिली फेरी रिकामी," धाकटा म्हणाला.

"पहिली फेरी रिकामी," थोरला म्हणाला. "माणसं दुसऱ्या फेरीला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना माझी मान हवी होती.

"ऐकलंत ना?" मी म्हटले. "मग जा, कळवा. लाँचवाले ताटकळले असतील."

ते गेले. पाणी दगडादगडाने उतरत होते. खाली पुन्हा सुरू झाले होते: गादीला कुठले लाकूड, बोल्ट किती जाड, तुळई सरळ करायची की कापायची. मी कडेला उभी राहिले, प्रत्येक वाक्याला माझे ओठ हलत राहिले, आणि एकही निरोप माझ्याकडे आला नाही.